चाकावर बसायचंय? बेळगाव-खानापूर पट्ट्यात कुंभारकाम शिकू बघणाऱ्यांसाठी

आपल्या सीमाभागात मडकं कुठं मिळतं हे कुणाला विचारावं लागत नाही. संक्रांतीला सुगडं, नवरात्रात घट, दिवाळीला पणत्या, होळी उलटली की माठ, हे सगळं आठवडा बाजारात आपोआप येतं. मडकं करायला कुठं आणि कसं शिकायचं, हे मात्र विचारावं लागतं. हल्ली हौस म्हणून चाकावर बसणारी मोठी माणसं वाढलीत. सुट्टी लागली की पोरांनाही आणून सोडतात. पहिल्या दिवशी सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, "आज घरी काय न्यायचं?"

उत्तर असं की काही न्यायचं नाही. पहिल्या तीन-चार तासांत चाकावर जे काही उभं राहील ते तारेनं उभं चिरायचं, आत काय झालंय ते बघायचं आणि माती परत मळायला घ्यायची. हे ऐकून तोंडं पडतात, ठाऊक आहे. तरी ज्या वर्गात पहिल्या तासाला प्रत्येकाच्या हातात एकेक कुंडी ठेवून फोटो काढतात, तिथली कुंडी निम्म्याहून जास्त शिकवणाऱ्याच्या हाताची असते. असला एक तास सहलीला म्हणून चांगला. शिकायचं असेल तर पुढं वाचा.

आधी बघा, मग नाव घाला

पैसे भरण्याआधी एक सकाळ कुंभाराच्या दारात घालवा. शहरात जमत नसेल तर खानापूर गाठा. बेळगावहून पंचवीसेक किलोमीटर, रेल्वेही जाते. मलप्रभेकाठचा हा तालुका कौलं, विटा आणि मडक्यांच्या मातीसाठी पूर्वापार ओळखला जातो, आणि खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी केंद्रीय संस्थाही खानापुरातच आहे. संस्थेचं शिक्षण धंदा म्हणून हे काम करणाऱ्यांना डोळ्यांपुढं ठेवून असतं. त्यामुळं हौशी माणसानं थेट जाऊन उभं राहू नये, आधी चौकशी करावी.

कुंभाराकडं काय बघायचं? त्याचे हात बघू नका, ते इतके झरझर चालतात की काही कळत नाही. त्याची कोपरं बघा. कोपर मांडीला किंवा गुडघ्याला टेकलेलं असतं, अंगापासून सुटलेलं नसतं. दुसरं म्हणजे पणत्या आणि सुगडं तो एकेका गोळ्याची करत नाही. चाकावर मातीचा मोठा ढीग बसवतो, त्याच्या शेंड्यावर एक पणती करतो, दोऱ्यानं कापून बाजूला ठेवतो आणि लगेच खालच्या मातीला हात घालतो. तिसरी गोष्ट बघितल्यावर बहुतेकांना आश्चर्य वाटतं: पोटाला गोल असलेला माठ सगळाच्या सगळा चाकावर होत नाही. चाकावर त्याचं तोंड, गळा आणि जाड बुटकं अंग तयार होतं. थोडं सुकलं की आतून दगडी गोळा धरून बाहेरून लाकडी थापीनं ठोकत ठोकत ते पोट फुगवतात. तेव्हा "मला पहिल्यांदा माठच करायचाय" म्हणून हटून बसू नका. तो सगळ्यात शेवटचा धडा.

जाताना मुलांना न्याल तर एवढंच सांभाळा की ते काम करणाऱ्याचं घर आहे. दोन-चार मडकी विकत घ्या. वाळत घातलेल्या मालाला बोट लावू देऊ नका.

वर्गाची चौकशी करताना चारच गोष्टी विचारा. माणशी एक चाक आहे की आळीपाळीनं बसायचं? फीमध्ये माती आणि भाजणं धरलंय का? भांडी कुठं भाजतात, त्यांची स्वतःची भट्टी आहे की दुसरीकडं पाठवतात? आणि मुलांची बॅच वेगळी आहे का? शेवटच्या प्रश्नावर "सगळे एकत्रच बसतात" असं उत्तर आलं तर जरा सबुरीनं घ्या. भाषेची काळजी करू नका. आपल्याकडं शिकवणारा कानडी, मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात घालतो, आणि मुलांना त्यातलं सगळं कळतं.

माती

वर्गात माती तयार मिळते, म्हणून नवखे ह्या भागाकडं दुर्लक्ष करतात. चूक आहे. चाकावरचा निम्मा त्रास मातीत असतो.

आपल्या जिल्ह्यात पश्चिमेला खानापूर-बेळगावकडं तांबडी, जांभ्याच्या अंगाची जमीन, आणि पूर्वेला अथणी-रायबाग-गोकाककडं काळी. शेतातली काळी माती हाताला छान चिकट लागते, म्हणून लोक पिशवी भरून घेऊन येतात. ती पाण्यानं फार फुगते आणि सुकताना तितकीच आकसते. शेतात उन्हाळ्यात ज्या भेगा पडतात त्याच भांड्याला पडतात. त्यात चुनखडीचे खडे असले तर आणखी वाईट. भाजून आलेलं भांडं चार दिवस चांगलं दिसतं, मग हवेतली ओल खाऊन आतला चुना फुगतो आणि बाहेर टवका उडतो. कुंभार तळ्याचा किंवा ओढ्याकाठचा गाळ निवडून घेतो, भिजवतो, चाळतो, आणि गरजेप्रमाणं त्यात बारीक रेती, राख किंवा लीद मिसळतो, ते ह्याचसाठी.

गणपतीतली उरलेली शाडूही आणू नका. ती मूर्तीची माती. वाळवून रंगवायची, भाजायची नव्हे, आणि चाकावर तिचा भरवसा नाही.

स्वतःच्या रानातली माती वापरून बघायचीच असेल तर दोन परीक्षा करा. करंगळीएवढी सुरळी वळा आणि बोटाभोवती गुंडाळा. तडकली नाही तर माती कामाची. मग हातभर लांब पट्टी थापून तिच्यावर बरोबर १० सेंटिमीटरची रेघ ओढा, सावलीत वाळू द्या आणि परत मोजा. भांड्याची माती वाळून आणि भाजून मिळून साधारण १० टक्के आकसते. कच्च्या वाळलेल्या पट्टीतच रेघ त्याच्या वर आकसली तर त्या मातीत रेती घालावी लागणार. हीच गोष्ट उलट बाजूनं लक्षात ठेवा: चहाचा कप हवा असेल तर ओला कप डोळ्यांना मोठा वाटेल असा करा, नाहीतर हातात भातुकलीतला कप येतो.

मळणं हे वर्गातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम. माती भाकरीच्या पिठासारखी मळायची, फक्त एका फरकानं: घडी घालून आत हवा कोंडायची नाही. तळहाताच्या बुडानं पुढं दाबा, जरा उचलून फिरवा, परत दाबा. मग तारेनं गोळा मधोमध कापून बघा. कापलेल्या पृष्ठावर बारीक भोकं किंवा कडक-मऊ असे पट्टे दिसले तर आणखी मळा. मोठ्यांनी सुरुवातीला ६०० ते ७०० ग्रॅमचा गोळा घ्यावा, मुलांनी ३०० च्या आसपास. लहान गोळा सोपा असं वाटतं, पण मोठ्यांच्या हातात तो मावतच नाही, बोटंच एकमेकांत अडकतात.

कोणतं चाक

जुनं चाक जमिनीलगत, खुंट्यावर फिरणारं. काठीनं गती द्यायची आणि त्या गतीत काम उरकायचं. गती ओसरली की परत काठी. उकिडवं बसता येणाऱ्यांसाठी आणि ज्यांचा हात बसलाय त्यांच्यासाठी ते उत्तम. नवख्याला मात्र माती मध्यावर आणतानाच चाक मंदावतं आणि सगळा धीर संपतो. म्हणून शिकायला विजेचं चाक घ्यावं. त्याला पायानं कमीजास्त करायचा वेग असतो, बहुतेकांना दिशा बदलायचं बटणही असतं. उजवा हात बाहेरून चालवणाऱ्यांसाठी वर्गांत साधारणपणे चाक घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवतात. डावखुऱ्यांनी लाजू नये, पहिल्याच दिवशी सांगून दिशा बदलून घ्यावी. खादी आयोगानं २०१८ पासून कुंभार सशक्तीकरण योजनेत कारागिरांना विजेची चाकं द्यायला सुरुवात केली, त्यामुळं आता गावातल्या कुंभाराकडंही असं चाक दिसू शकतं.

येताना नखं कापून या. नखं वाढवून कुणी चाकावर काही करू शकलेलं नाही. अंगठी, बांगड्या, घड्याळ घरी. केस बांधलेले, ओढणी नको. जुना टॉवेल मांडीवर.

चाकावरचा क्रम

चाकाचा माथा कोरडा, गोळ्याचं बूड कोरडं. चाक बंद असताना गोळा मधोमध जोरात आपटून बसवा आणि कडेनं थापटून जमेल तितका मध्यावर आणा. इथं दोन मिनिटं जास्त घातली तर पुढची दहा वाचतात. मग पाणी.

आता *मध्य साधणं*. सगळी कला आणि सगळं रडणं इथंच. चाक जोरात सोडा. डावं कोपर मांडीत घट्ट रोवा आणि डावा तळवा गोळ्याच्या कडेला लावा. उजव्या हाताची कड वरून गोळ्याच्या डोक्यावर. दोन्ही हात कुठंतरी एकमेकांना टेकलेले असू द्या. सुरुवातीला गोळा हाताला धक्के देतो, हात त्याच्याबरोबर आत-बाहेर हलतो, आणि माणूस घाबरून आणखी जोर लावतो. जोर लावायचा नाहीच. हात हलू द्यायचा नाही, एवढंच. माती हलते, हात नाही. वजन खांद्यातून येऊ द्या, मनगटातून नको. काही फेऱ्यांनी धक्के बारीक होतात, मग नुसती थरथर राहते, मग तीही जाते आणि गोळा फिरतोय की थांबलाय हे डोळ्यांना कळेनासं होतं. त्या क्षणी आनंदानं झटकन हात काढलात तर गोळा परत वाकडा. हात हळू, चाकाच्या दोन-तीन फेऱ्या जाऊ देत काढायचे. हा नियम शेवटपर्यंत लागू: मातीला हात लावताना हळू, काढताना त्याहून हळू.

पाणी कमी पडलं तर हात ओढला जातो आणि गोळा पिळवटतो. जास्त झालं तर माती भिजून लोळ होते. नवखे नेहमी जास्तच घालतात. ओंजळभर ओतायचं नाही, बोटं बुडवून ओली ठेवायची.

मध्य साधल्यावर दोन्ही हातांनी गोळा दाबत उंच सुळका करा आणि वरून दाबून परत खाली बसवा. दोन वेळा. त्यानं माती एकजीव होते आणि आत राहिलेला वाकडेपणा निघून जातो.

मग भोक. अंगठा किंवा मधली दोन बोटं बरोबर मध्यावर टेकवून सरळ खाली. किती खाली ते सुई टोचून मोजायचं. तळाला सेंटिमीटरभर माती राहू द्या, कारण नंतर खालून खरवडायची असते. आता बोटं तळाशी ठेवून बाहेरच्या बाजूला ओढा, तळ रुंद होतो. त्यानंतर एक गोष्ट हटकून राहून जाते: तळ बोटांनी किंवा लाकडी पट्टीनं मध्यापासून कडेपर्यंत आणि परत मध्यापर्यंत दाबून घ्या. तीन-चार वेळा. भिंत ओढताना माती दाबली जातेच, तळ मात्र तसाच सैल राहतो, आणि सुकताना किंवा भाजताना त्याच्या मधोमध नागमोडी चीर पडते. भट्टीला दोष देणारी बरीच माणसं हे दाबणं विसरलेली असतात.

भिंत उचलताना चाकाचा वेग अर्धा करा. डावा हात आत, उजवा बाहेर, दोन्हीची बोटं एकमेकांसमोर आणि मध्ये माती. बाहेरून बोटाचं वाकवलेलं पेर अगदी तळाशी लावा, तिथं एक छोटा उंचवटा तयार होतो. तो उंचवटा हळूहळू वर न्यायचा, तोंडापर्यंत. मधेच थांबायचं नाही, मधेच दाब वाढवायचा नाही. हात चाकाच्या गतीपेक्षा घाईनं वर गेला तर भिंतीवर मळसूत्र उमटतं. तोंडाशी पोचलात की कड दोन बोटांत धरून वरून हलकी दाबा, म्हणजे ती फाटत नाही. एवढ्या मातीला तीन ओढी पुरेत. सातव्या-आठव्या ओढीला माती दमते आणि गुडघे मोडून बसते. आत साचलेलं पाणी स्पंजानं टिपत राहा.

पहिल्या काही बैठकांत सरळ नळकांडंच करायचं, १० ते १२ सेंटिमीटर उंच. वाटी, कुंडी, फुलदाणी काही नाही. माती फिरताना स्वतःहून बाहेर पसरते, म्हणून वाटी चुकूनही होते. सरळ भिंत चुकून होत नाही.

आता तार घ्या आणि ते नळकांडं वरून खालपर्यंत मधोमध चिरा. ही वर्गातली खरी परीक्षा, आणि कुणीही न सांगता स्वतः देता येते. एक अर्धा बाजूला करा आणि दुसऱ्याची कापलेली कड बघा. बहुतेकांची भिंत तळाशी बोटभर जाड, मध्ये कागदाला आलेली आणि वर परत जाड असते. तळाशी जाड म्हणजे ओढ खालून सुरू झाली नाही, मध्ये पातळ म्हणजे वाटेत दाब वाढला. एक बाजू जाड, दुसरी पातळ असेल तर मध्यच साधला नव्हता, भिंतीचा काही संबंध नाही. चिरण्याआधी बाहेरून ही सगळी भांडी सारखीच गोजिरी दिसत होती. हे चिरणं जो मनापासून करतो तो महिन्यात पुढं जातो. जो प्रत्येक वाकडं भांडं भाजायला ठेवून देतो त्याच्याकडं वर्षाअखेरीस फळीभर वाकडी भांडी जमतात.

मुलांचं वेगळं

सहा-सात वर्षांखालच्या मुलाला चाकावर बसवायची घाई करू नये. पाय पोचत नाहीत, हातात वजन नाही, आणि शिकवणाऱ्यानं मुलाचे हात धरून केलेलं भांडं शेवटी शिकवणाऱ्याचंच. त्या वयात हाताचं काम द्या. गोळ्यात अंगठा रुतवून चिमटत चिमटत वाटी करणं, सुरळ्या वळून एकावर एक चढवणं, पट्ट्या जोडून डबी करणं. जोडताना दोन्ही बाजू सुईनं ओरखडायच्या, मातीचा पातळ गारा लावायचा आणि मग दाबायचं. नुसतं चिकटवलेलं शेपूट वाळल्यावर गळून पडतं आणि मग मोठा गहजब होतो.

आपल्या भागाला विषयांची काय कमी? ज्येष्ठाच्या अमावास्येला, मण्णेत्तिन अमावास्येला, मातीचे बैल पुजतात. आषाढात मंगळवारी मातीची गुळ्ळव्वा. नागपंचमीला नाग. ज्या घरात हे सण होतात तिथल्या पोराला बैल कसा करायचा हे शिकवायची फारशी गरज नसते. वशिंड आणि शिंगं आधी येतात, पाय नंतर. पाय जाड आणि आखूड ठेवायला सांगा, एवढंच.

आठ-नऊ वर्षांपुढं चाक. मुलं मध्य साधायला मोठ्यांपेक्षा जास्त वेळ घेतात, कारण वजन कमी. भोक पाडायला मात्र मोठ्यांपेक्षा धीट. मोठा माणूस बिघडेल म्हणून बोट आत घालत नाही. त्यांच्या चाकाचा वेग मध्यमच ठेवा, माती जरा मऊ द्या आणि अर्ध्या-पाऊण तासावर थांबवा. पुढं हात नुसते चिखलात खेळतात. तेही वाईट नाही, पण ते चाक दुसऱ्या कुणाला तरी हवं असतं.

आईबापांना एक विनंती. आपल्या मुलाच्या शेजारच्या चाकावर बसू नका. वर्गात हमखास दिसणारा प्रकार असा: पोरगं तल्लीन होऊन वाकडं काहीतरी करत असतं, आणि शेजारून आवाज येतो, "काय करूलास? दे इकडं, सरळ करून देतो." पोरगं हात काढून घेतं आणि बाबांचं भांडं बघत बसतं. शिकवणारी मावशी मग बाबांनाच सांगते, "तुमचं तिकडं कोसळूलंय बघा आधी." तुम्हालाही शिकायचं असेल तर दुसरी वेळ घ्या.

सुकवणं

भांडं झालं की चाकावर तारेनं बुडाशी कापा आणि लगेच उचलू नका. फळीसकट काढता आलं तर उत्तम. ते सुकून असं व्हायला पाहिजे की बोटानं दाबलं तर वाकत नाही, पण नखाची खूण उमटते. ह्या निमसुक्या अवस्थेतच उलटं ठेवून बूड खरवडायचं आणि कान जोडायचे. ही वेळ हुकली की काही होत नाही. पूर्ण वाळलेल्या कपाला ओला कान लावला तर तो जोडाशी तडकतोच.

आपल्याकडं ही वेळ महिन्याप्रमाणं बदलते. बेळगाव-खानापूरच्या पावसाळ्यात जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली की भांडं दिवसेंदिवस निमसुकंही होत नाही. तेव्हा प्लास्टिक झाकायची गरज नाही, उलट जाळीवर ठेवा म्हणजे बुडालाही हवा लागेल. आठवड्यातून एकदा वर्ग असेल तर पावसाळा तुमच्या सोयीचा: गेल्या रविवारचं भांडं ह्या रविवारी खरवडायला बरोबर तयार. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या वाऱ्यात ह्याच्या उलट. सकाळी केलेल्या भांड्याची कड दुपारीच पांढरी पडते, बूड ओलंच असतं, आणि कड आकसताना चिरते. त्या दिवसांत कडेवर प्लास्टिक, बूड उघडं. अथणी-चिकोडीकडच्या लोकांना हे वर्षातले जास्त महिने करावं लागेल. पंख्याखाली आणि उन्हात कधीच नाही, कितीही घाई असो.

भाजणं

घरच्या गॅसवर, तव्यावर किंवा मायक्रोवेव्हमध्ये भांडं भाजायचा प्रयोग करू नका. आत ओल राहिलेली असेल तर तिची वाफ होते आणि भांडं फुटतं, तेही तोंडासमोर. भांडं वाळलंय का हे गालाला लावून बघतात. गार लागलं तर आत ओल आहे.

भट्टीत पहिल्या १०० अंशांपर्यंत फार सावकाश जायचं, ही ओल जाण्यासाठी. त्यापुढं ३५० ते ६०० अंशांच्या दरम्यान मातीच्या कणांतच बांधलेलं पाणी सुटतं, आणि त्यानंतर ती परत कधी चिखल होत नाही. म्हणूनच पोराच्या न भाजलेल्या कपात पाणी ओतलं तर तासाभरात त्याचा लगदा. ५७३ अंशांना मातीतली गारगोटी चढताना एकदम फुगते आणि उतरताना एकदम आकसते, म्हणून भट्टी निवताना झाकण उघडून डोकावायचा मोह आवरायचा. आपली तांबडी माती ९०० ते १००० अंशांना चांगली भाजते. पांढऱ्या-राखाडी दगडी मातीला १२०० च्या वर लागतं. वर्गात कोणती माती वापरतात ते विचारून ठेवा आणि दोन्ही एकत्र करू नका. तांबडी माती दगडी मातीच्या आचेला भट्टीच्या फळीवरच वितळून बसू शकते, आणि फळीचे पैसे तुम्हाला भरावे लागतील.

कुंभाराच्या आव्यात थर्मामीटर नसतो. मडकी रचायची, गवऱ्या-लाकूड-भुसा भरायचा, वरून गवत आणि मातीचा थर द्यायचा, आणि धुराच्या रंगावरून अंदाज घ्यायचा. निवल्यावर प्रत्येक मडकं बोटाच्या पेरानं वाजवून बघतात. खणखणीत वाजलं तर पक्कं, बद्द वाजलं तर कच्चं किंवा चिरलेलं. गोरोबाकाकांनी थापटण्यानं संतांची डोकी वाजवून बघितली आणि नामदेवांना कच्चं ठरवलं, ती कथा ह्या कामातूनच आली. आपल्या कानडी शेजाऱ्यांकडं शिवभक्त कुंबार गुंडय्या आहेत. ते मडकं वाजवायला लागले की खुद्द शिव नाचायला यायचा म्हणतात. तुमचं पहिलं भांडं भाजून आलं की तुम्हीही वाजवून बघा, शिव नाही आला तरी चीर असली तर कळेल.

तांबड्या मातीचं साधं भाजलेलं भांडं पाझरतं. माठाला तोच गुण, कारण बाहेर आलेलं पाणी उडून जाताना आतलं गार करतं. चहा-दुधाच्या कपाला तोच अवगुण. खायच्या-प्यायच्या भांड्यांना काचेसारखा लेप लागतो आणि ती दुसऱ्यांदा भाजावी लागतात. लेप कोणता, त्यात शिसं नाही ना, हे निःसंकोच विचारा. लेप लावताना बूड कोरडं पुसून ठेवायचं, नाहीतर भांडं फळीला कायमचं चिकटतं. चाकावरून घरी यायला एका कपाला दोन-तीन आठवडे धरा, पावसाळ्यात जास्त. वाढदिवसाची भेट म्हणून करायची असेल तर त्या हिशोबानं.

सफाई, आणि स्वतःचं चाक

हात धुतलेलं गढूळ पाणी मोरीत ओतू नका. माती पाइपात बसते आणि प्लंबर आला तरी निघत नाही. बादलीत रात्रभर ठेवा, वरचं निवळ पाणी झाडांना घाला, तळाची माती परत वापरा. वाळलेली माती झाडूनं झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. तिची बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत जाणं फुप्फुसांना वाईट, आणि मुलं तर जमिनीच्या जास्त जवळ असतात.

दोन-तीन महिने झाले की चाक विकत घ्यावं असं सगळ्यांनाच वाटतं. थांबा. चाक मिळतं, भट्टी नाही, आणि भट्टीशिवाय चाक म्हणजे फळ्यांवर साठत जाणारी कच्ची भांडी. आधी जवळपास कोण भाड्यानं भाजून देतं ते पक्कं करा. कच्ची भांडी दुचाकीवरून नेता येत नाहीत हेही धरून चला. आपले रस्ते माहीत आहेतच. भाजायची सोय झाली की मग चाक बघा. मोटर किती किलो माती पेलते ते विचारा, आणि दुकानात स्वतः एक गोळा मध्यावर आणून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. हातानं दाबल्यावर चाक मंदावलं तर ते चाक तुमच्या कामाचं नाही.